माहितीपत्रकापुरत्या आम्ही

आदरणीय सर,



बंद पाकिटातून पाठवलेल्या पत्राला तुमच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून हे उघड्यावर लिहिते आहे. तुमचं नाव घेणार नाही, तुम्ही चालवता त्या वृद्धाश्रमाचंही घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांना वाचता वाचता आपल्या ओळखीतली एखादी संस्था आठवली, तरी माझं काम झालं.

मी तुम्हाला चेहऱ्याने नक्की आठवेन, कारण माझा फोटो तुमच्या माहितीपत्रकावर अजून आहे. आतल्या पानावर, जास्वंदीच्या कुंडीशेजारी, एका आजींचा हात हातात घेतलेला. खाली छापलंय, 'वार्धक्यशास्त्रातील प्रशिक्षित तज्ज्ञ'. माझी नोकरी गेली, फोटोची मात्र चालू आहे.

तुमची-माझी पहिली भेट संस्थेत झाली नव्हती. वार्धक्यशास्त्राच्या पदविकेच्या वर्गात तुम्ही पाहुणे व्याख्याते म्हणून आला होतात. बाकं बरीच रिकामी होती, आम्ही मोजक्या मुली आणि एकुलता एक मुलगा. तुम्ही फळ्याकडे पाठ करून, कागद न बघता बोललात. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, म्हणजे देशात बारांमागे एक आणि आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ दहांमागे एक. २०५०पर्यंत देशात पाचांमागे एक होतील. मुलं परदेशी, सुना नोकरीवर, घरं दोन खोल्यांची. 'या माणसांना नुसती माया पुरणार नाही, शिकलेली माणसं लागतील,' असं म्हणालात आणि 'शिकून झालं की थेट माझ्याकडे या' असंही म्हणालात. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. माझी तक्रार त्याच वाक्याबद्दल आहे, कारण मी त्यावर विश्वास ठेवला.

आमच्याकडे तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.ला समाजशास्त्र कोण घेतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्याला इंग्रजी झेपत नाही, अर्थशास्त्राची भीती वाटते, किंवा 'स्पर्धा परीक्षेला बरं पडतं' असं कुणी सांगितलेलं असतं, तो. मीही तसंच घेतलं. पण आम्हाला शिकवायला तासिका तत्त्वावरच्या एक मॅडम होत्या. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिसनी समाजशास्त्राचा विभाग कसा उभा केला, पुढे घुर्यांनी तिथे कशी एकाहून एक माणसं घडवली, इरावतीबाई कर्वे महाराष्ट्रभर कशा हिंडल्या, हे त्या अशा सांगायच्या की ही मंडळी आपल्याच आळीत राहतात असं वाटावं. त्यांना स्वतःला पगार कधी चार महिन्यांनी मिळायचा, कधी सहा. तरी त्यांनी आम्हाला एक सवय लावली. समोरचा माणूस असं का वागतोय, याचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत शोधायचं. एम. ए. झालं, आणि मग मी वार्धक्यशास्त्राकडे वळले.

घरी वादळ झालं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, 'म्हाताऱ्यांचं करायला शिक्षण कशाला लागतं? तुझ्या आत्यानं काय पदवी घेतली होती?' आत्याने आजोबांचं अंथरुणावरचं सगळं केलं होतं, वर्षानुवर्षं. स्वतःचं लग्न, गुडघे, झोप, सगळं त्यात गेलं. आजोबांना पाठीला झालेल्या जखमेत बोट जाईल इतका खड्डा पडला होता आणि ती त्यात हळद भरत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मायेत ती कुठेच कमी पडली नव्हती. मी दादांना एवढंच सांगितलं. ते गप्प बसले आणि फी भरली.

अभ्यासक्रमाबद्दल माझ्या मनात आंधळी भक्ती नाही. कमिंग आणि हेन्रींचा १९६१चा तो सिद्धांत मला कधीच पटला नाही. माणूस म्हातारा होताना आपणहून समाजातून अंग काढून घेतो आणि समाजही त्याच्यातून, असं ते म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या माणसांवरून काढलेलं हे अनुमान आमच्या वर्गात मात्र सगळ्यांना लगेच पटलं, कारण वानप्रस्थाश्रम आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. पण आपल्याकडे म्हातारा माणूस अंग काढून घेत नाही, त्याला बाजूला बसवतात. १९६९ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरने वयावरून माणसाला कमी लेखण्याला वर्णभेदाच्या रांगेत नेऊन बसवलं, ते मला जास्त जवळचं वाटलं. आणि समाजशास्त्रज्ञ गॉफमन. एकाच छताखाली जेवण, झोप, आंघोळ, सगळं दुसऱ्याच्या घड्याळावर चालतं अशा संस्थांमध्ये माणसाचं काय होतं, हे त्याने १९६१ साली लिहून ठेवलंय. तुमच्या संस्थेत पाय ठेवला त्या दिवशी तो मला पानापानाने आठवला.

तुमच्या इथल्या एक आजी. पंच्याऐंशीच्या पुढच्या, कोकणातल्या. त्यांच्या फायलीत माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'हट्टी. नाश्त्यास नकार. सकाळी आक्रमक.' एकदा त्यांनी मावशींच्या अंगावर पोह्यांची बशी फेकली होती, तेव्हा मुलाला फोन गेला आणि झोपेचं औषध सुरू करायचं घाटत होतं. मी फार काही केलं नाही. सकाळी त्यांच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसले आणि वेळा लिहीत गेले. सातला साखरेची गोळी. सव्वासातला पोहे. आठला मावशींची पाळी बदलते, म्हणून पोहे परत. आंघोळीचं गरम पाणी नऊनंतर, कारण गिझर एक आणि माणसं जास्त. आजींनी लग्न झाल्यापासून पारोश्याने अन्न तोंडात घातलेलं नव्हतं. म्हणजे गोळी पोटात आणि पोट रिकामं, ते थेट साडेबाराच्या जेवणापर्यंत. हात थरथरणार, घाम फुटणार, डोकं फिरणार. सिस्टरांनी एकदा दहाला रक्तातली साखर तपासली आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, मावशींनी आजींना आंघोळीत पहिला नंबर दिला, आणि फायलीतला 'आक्रमक' हा शेरा पुन्हा कधी पडला नाही.

हे मी तुम्हाला उत्साहाने सांगायला आले, तेव्हा तुम्ही चेकवर सह्या करत होतात. मान वर न करता म्हणालात, 'छान. पण एकेकाचे असे लाड करत बसलो तर संस्था कशी चालायची?' आणि लगेच, 'रविवारी देणगीदार येतायत, ती निळी साडी नेसून या, फोटोत बरी दिसते.'

तुम्हाला आमची पदविका हवी होती, सर. भिंतीवर, माहितीपत्रकावर, अनुदानाच्या प्रस्तावात, तपासणीला आलेल्या साहेबांपुढे. त्या पदविकेत जे काही शिकून आलो होतो, ते मात्र मजल्यावर यायला नको होतं.

माझं काम काय होतं, ते बाहेरच्यांना कळू द्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, देणगीच्या पावत्या, पाहुण्यांना चहा, वाढदिवस साजरे करायला येणाऱ्यांना 'आमचे आजी-आजोबा' दाखवत फिरवणं. पितृपक्षात तर रोज कुणाच्या तरी नावाने जेवण. खीर, पुरी, जिलबी, श्रीखंड, पंधरा दिवस लागोपाठ. मधुमेही किती आहेत त्याची यादी मीच केली होती. देणगीदारांना सांगू या, गोडाऐवजी श्रवणयंत्रांचे सेल द्या, संडासात धरायला दांड्या बसवून द्या, असं मी सुचवलं. निम्म्या आजोबांची श्रवणयंत्रं सेलाअभावी उशीखाली पडलेली होती, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला भ्रमिष्ट ठरवायला आपल्याला फार वेळ लागत नाही. तुम्ही म्हणालात, 'दात्याचा हात धरायचा नसतो.' पितृपक्ष उलटल्यावर कुणाकुणाची साखर कुठवर गेली होती, ते सिस्टरांच्या वहीत आहे. कधी सवड झाली तर बघा.

तुमच्या अडचणी मला ठाऊक नाहीत असं समजू नका. हिशेब मीच लिहायची. अनुदान वेळेवर येत नाही, मावशी टिकत नाहीत, घरचे पहिले तीन महिने पैसे भरतात आणि मग फोन उचलत नाहीत, वारलेल्या माणसाला न्यायलाही कुणी येत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळवायचे तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागायचा. त्यासाठी स्वतः तुम्हाला तहसील कार्यालयात ताटकळताना मी पाहिलंय. हयातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. आयुष्यभर काम करून त्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. तेव्हा तुम्ही त्यांचा हात कोमट पाण्यात धरून बसला होतात. तो माणूस मी पाहिला आहे, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. नाहीतर ज्या माणसाकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्यावर कोण रागावतं?

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, त्यांना मी काकू म्हणायची. त्यांनी एके दुपारी गादीखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि विचारलं, 'हे वाचून सांग गं, यात काय लिहिलंय?' ते बक्षीसपत्र होतं. राहतं घर मुलाच्या नावे. आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मुलगा आईचा तहहयात सांभाळ करील, तिला त्याच घरात राहू देईल. कागद २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानंतरचा होता. त्या कायद्याचं कलम २३ आम्हाला वर्गात शिकवलं होतं. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. संस्था, सर. म्हणजे आपणही.

मी काकूंना अर्ज करा म्हटलं नाही. तसं सांगणं आमच्या शिक्षणात बसत नाही. कागदात काय लिहिलंय, कायदा काय म्हणतो, निर्वाह भत्ता मागितला तर महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात, वेळ किती लागेल, मुलगा दुखावेल, हे सगळं सांगितलं. चौकशी करायची असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा नंबर लिहून दिला. त्या बराच वेळ कागदाची घडी घालत बसल्या. मग म्हणाल्या, 'घर नको गं मला. पण माझं होतं, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं.'

पुढच्या रविवारी त्यांनी मुलाला ते स्वतःच सांगितलं. सोमवारी तुम्ही मला बोलावून घेतलंत. तुमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. 'तुम्ही इथे कुटुंबं फोडायला आला आहात का? उद्या कोण आपलं माणूस इथे आणून ठेवेल?' फी मुलगा भरतो, हे तुमचं म्हणणं होतं. काकू तिथे राहतात, हे माझं. तुम्ही म्हणालात, 'चार पुस्तकं वाचून आलेल्यांनी आम्हाला वृद्धसेवा शिकवू नये.' वर्गात बोलावल्यावर ज्यांनी आम्हाला ती चार पुस्तकं वाचायला सांगितली, ते तुम्हीच होतात.

दुसऱ्या दिवसापासून मला मजल्यावर जायची बंदी झाली. तळमजल्यावर पावत्या. करार संपला, तेव्हा पुढचा झाला नाही. काकूंचा निरोपही मला घेता आला नाही. त्यांना 'ती मुलगी लग्न ठरलं म्हणून गेली' असं सांगितल्याचं मला मावशींकडून कळलं. ते मात्र सगळ्यात जास्त लागलं. माझ्या नावावर खोटं खपवायचंच होतं, तर निदान 'दुसरी नोकरी लागली' असं तरी म्हणायचं होतं.

पगाराचं बोलायचं नव्हतं, पण बोलते. तुम्ही देत होतात नऊ हजार, आणि व्हाउचरवर लिहायचात मानधन. ब्यूरोतून रात्रपाळीला येणाऱ्या मावशींना याच्याहून जास्त मिळायचं आणि ते योग्यच होतं. अंग मोडून काम करत होत्या त्या. मी एकदा विचारलं, तेव्हा 'याकडे नोकरी म्हणून बघू नका, पुण्य म्हणून बघा' असं ऐकायला मिळालं. घरमालकाला पुण्य चालत नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, तर निदान ते घर तरी सुस्थितीतलं असावं लागतं. माझ्या दादांची निवृत्ती जवळ आली आहे, पेन्शन नाही. तुमच्या व्याख्यानातल्या पाचांमागच्या एकांमध्ये तेही असणार आहेत.

बाहेर तरी काय आहे आमच्यासाठी? सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला एम. एस. डब्ल्यू. मागतात. समाजशास्त्राची एम. ए. तिथे चालत नाही. प्राध्यापकीसाठी नेट-सेट द्यायची तर समाजशास्त्रातून, कारण नेटच्या यादीत वार्धक्यशास्त्र नावाचा विषयच नाही. केंद्राच्या समाज संरक्षण संस्थेने वृद्धांच्या काळजीची वर्षाची पदविका चालवली, पण तिच्यातून शिकून बाहेर पडणाऱ्यांसाठी पुढे राखीव अशी पायरी नव्हती. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने भारतातल्या वार्धक्याची देशव्यापी पाहणी केली, २०१७-१८ साली ७२ हजारांहून जास्त माणसांना घरोघर जाऊन विचारलं. म्हातारपणाचं दुखणं मोजण्यात आपण मागे नाही. ज्यांना ते मोजलेलं वाचता येतं, त्यांना बसायला खुर्ची द्यायची वेळ आली की मात्र सगळे इकडेतिकडे बघतात. आमच्या वर्गातल्या एकीने विमा कंपनीत नोकरी धरली, एक तलाठी परीक्षेच्या क्लासला जाते, एकुलता एक मुलगा दुबईला एका हॉटेलात आहे. आमची तुकडी बाहेर पडल्यावर पुढच्या वर्षी प्रवेशच पुरेसे आले नाहीत आणि तो अभ्यासक्रम बंद झाला. त्याचं खापर मी एकट्या तुमच्यावर फोडत नाही. पण शिकलेल्या मुली कुठे गेल्या, हे गावोगाव कळतंच, आणि पालक त्यावरूनच ठरवतात.

तुम्ही अजूनही व्याख्यानं देता, असं ऐकते. देत राहा. तुम्ही फार चांगलं बोलता. मात्र पुढच्या वेळी शिकणाऱ्या मुलींपुढे उभे राहाल तेव्हा जनगणनेच्या आकड्यांच्या शेजारी तुमच्या संस्थेतल्या पगाराचा आकडाही फळ्यावर लिहा. नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप लिहून देणार की नाही, तेही सांगा. आणि नातेवाईक नाराज होईल अशी एखादी खरी गोष्ट तिथल्या माणसाला सांगायची वेळ त्यांच्यातल्या एखादीवर आली, तर तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहाल का, याचं उत्तर आधी स्वतःला द्या, मगच 'थेट माझ्याकडे या' म्हणा. फोटो तेवढा काढून टाका. त्यातल्या आजीही आता हयात नाहीत.

मी हा विषय सोडलेला नाही. सध्या दोन घरी जाऊन स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचं बघते आणि त्यांच्या घरच्यांना कसं बघायचं ते शिकवते. बरं चाललंय. एका मोठ्या रुग्णालयात वृद्धांच्या विभागात समन्वयकाची जागा निघाली आहे. त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र हवंय. माझा अर्ज तुमच्या कार्यालयात करार संपल्यापासून सहीसाठी पडून आहे. त्यात 'वर्तन समाधानकारक' एवढं लिहिलं तरी चालेल, 'तज्ज्ञ' लिहायची गरज नाही. जागेची मुदत महिनाअखेरीस संपते. त्याआधी सही करून पाठवावं, ही विनंती.

आपली,
एक माजी कर्मचारी